चुकलेल्याला पहिला खाजा

वयनी, तुझी बातमी मीच लावली. जिल्हा पानावर, खालच्या बाजूला, चार ओळी. अशा बातमीचा साचा आमच्या डेस्कवर तयार असतो. नाव, गाव, अल्पशा आजाराने निधन, 'त्यांच्या पश्चात पती, दीर, पुतणी असा परिवार आहे.' भरून झाल्यावर वाचून पाहिली. एकही शब्द चुकलेला नव्हता आणि तू त्यात कुठेच नव्हतीस. 'पश्चात' या शब्दात तारकर्लीच्या आपल्या वाडीतली पोरं बसत नव्हती. पाऊस मोजायची बाटली, काठीला बांधलेली जुन्या लुगड्याची पट्टी, गूळ-आल्याच्या खाज्याची बरणी, यांच्यासाठी त्या साच्यात रकाना नाही. म्हणून हे वेगळं लिहितो आहे. तू लग्न होऊन घरात आलीस तेव्हा मी शाळेत होतो. तेव्हापासून तू मला 'भावजीनु' आणि 'तुमी' म्हणत आलीस आणि मी तुला 'वयनी' आणि 'तू'. इथेही तसंच.

सगळं सुरू झालं माझ्या मुलीमुळे, रेवामुळे. त्या मे महिन्यात वादळ आलं तेव्हा ती सुट्टीसाठी तुझ्याकडे होती. पहिलीत जायची होती. स्वयंपाकघरालगतचा माड कौलांवर आडवा झाला. तुम्ही दोघी माजघरात होतात, कोणाला लागलं नाही. पण कणकवलीला परत आल्यावर रेवा वाऱ्याला भिऊ लागली. दुपारी झाडं हलली की घरातल्या खिडक्या लावत फिरायची. छताचा पंखासुद्धा तिला चालेना. मी तिला जवळ घेऊन सांगायचो, "काही होणार नाही." ती म्हणायची, "त्या दिवशी पण तू फोनवर असंच म्हणाला होतास." ते खरं होतं. माड पडायच्या थोडा वेळ आधी मी तेच म्हणालो होतो.

गणपतीला आम्ही घरी आलो तेव्हा ती घरापुढच्या खळ्यात, अंगणात, उतरायला तयार नव्हती. तू तिला समजावलं नाहीस. उंबऱ्यावर तिच्या शेजारी बसलीस.

"भीती वाटता?"

"व्हय."

"वाटांदे. माका हयसून दिसणा नाय, तू माका सांग, वारो खंयसून येता?"

रेवाला ते सांगता येईना. मग तू जुन्या लुगड्याची पट्टी फाडलीस, दादाच्या होडीतली एक काठी घेतलीस आणि ती खळ्याच्या मधोमध रोवलीस. पट्टी खाडीकडे फडफडू लागली. "म्हणजे वारो दर्यावयसून येता," तू म्हणालीस. रेवा उंबऱ्यावरून बघत होती. दुसऱ्या दिवशी ती पडवीच्या पायरीपर्यंत आली, कारण माडाची झावळी मधे येत होती आणि पट्टी नीट दिसत नव्हती. गौरी जेवल्या त्या दिवशी ती काठीजवळ उभी होती. वाडीतल्या मुलांनी त्या पट्टीला पताका म्हणायला सुरुवात केली. भीती गेली असं मी म्हणणार नाही. भीतीला एक काम मिळालं.

मी बातमीदारीत शिकलेला माणूस, मला यात पद्धत दिसली. तुला विचारलं तर तू म्हणालीस, "पद्धत खंयची? चेडवाक बघूक कायतरी व्हया होता."

त्यानंतर रेवाच्या सगळ्या सुट्ट्या तुझ्याकडे गेल्या आणि वाडीतली पोरं तुझ्या खळ्यात जमू लागली. सकाळी देवाची अगरबत्ती लावलीस की त्यातली एक पायरीवर आणून टोचायचीस. धूर समुद्राकडे सरकायचा. दुपारी पुन्हा एक, आणि तोच धूर खाडीकडे. पुस्तकातले खारे वारे आणि मतलई वारे त्या पोरांनी असे नाकाने शिकून घेतले. मग एका डब्यात वाळू, एका डब्यात पाणी, दोन्ही उन्हात. दुपारी हात घालून बघायचं कोण जास्त तापलं. वाळूत बोट घालून सानिका ओरडली होती. शेजारच्या घरातली ही सानिका पुढे या लेखात पुन्हा येणार आहे, तिला टाळता येत नाही.

ढगाचा प्रयोग मी स्वतः पाहिला. काचेच्या बरणीत कढत पाणी, आत अगरबत्तीचा थोडा धूर, वर पितळी ताटली आणि ताटलीत बर्फ. बर्फ दादाच्या माशांच्या पेटीतला. बरणीच्या गळ्याशी खरोखर पांढरा ढग धरला. मग ताटली उचलल्यावर ढग बाहेर आला आणि सानिका म्हणाली, "काकी, ढगाक बांगड्याचो वास येता!"

"मगे? मालवणचो ढग तो," तू म्हणालीस.

सगळंच जमत होतं असं नाही, आणि ते लिहिलं नाही तर तू मला खोटारडा म्हणशील. पाऊस मोजायची बाटली तू केलीस, वरचा भाग कापून उलटा बसवलास, पट्टीच्या खुणा केल्यास. पुढच्या पावसात मला ऑफिसात फोन केलास. आवाजात विजय होता.

"भावजीनु, लिवन घेवा. तुमच्या पेपरातलो पावस खोटो. आमच्याकडे काल त्याच्या चौपट पडलो."

मी विचारलं, "वयनी, बाटली खंय ठेवलंस?"

"पागोळीखाली. नायतर भरतली कशी?"

संपूर्ण कौलाचं पाणी त्या एका बाटलीत उतरत होतं. मी हसलो ते शेजारच्या टेबलापर्यंत ऐकू गेलं. तू म्हणालीस, "मगे छापू नकात." त्या संध्याकाळी तू पोरांना गोळा केलंस आणि पायरीवर उभी राहून जाहीर केलंस की काकी चुकली आणि का चुकली. नंतर बरणीतून खाजा काढून पहिला तुकडा स्वतःच्या तोंडात टाकलास.

तुझा तो नियम तिथून आला. रोज सकाळी प्रत्येकाने आभाळ, पताका, हवेचा ओलावा बघून अंदाज सांगायचा. संध्याकाळी पायरीवर उभं राहून खरं की चूक ते बोलायचं. जो चुकला त्याला खाजा पहिला. बरोबर आलेल्यांना नंतर, उरला तर.

मी याला विरोध केला. मी म्हणालो, चुकलेल्याला बक्षीस दिलंस तर पोरं मुद्दाम चुकतील. तू ऐकलं नाहीस आणि आठवड्याच्या आत सानिकाने माझं म्हणणं सिद्ध केलं. आभाळ निरभ्र असताना ती पायरीवर उभी राहून म्हणाली, "काकी, आज बर्फ पडतलो."

"पडतलो गो," तू म्हणालीस, "काकांच्या माशांच्या पेटयेत."

संध्याकाळी ती खाज्यासाठी हात पुढे करून उभी. तू बरणी उघडली नाहीस. "चुकलंस ता खरा. कित्या चुकलंस ता सांग, मगे खाजा."

सानिकाने थोडा विचार केला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "आभाळाकडे बघूकच नाय मी. बरणयेकडे बघलंय."

तू इतकी हसलीस की खाजा तिला मिळाला. पण त्या दिवसापासून नियमाला शेपूट जोडलं गेलं. कारण सांगायचं, मग खाजा. मी ज्या व्यवसायात आहे तिथे चूक छापून आली तर दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर बारीक टायपात दुरुस्ती देतात. तुझ्या खळ्यात ती पायरीवर उभं राहून, मोठ्या आवाजात, गूळ-आल्याच्या वासात व्हायची. हे मी तुला कधी बोललो नाही. आता बोलतो. तुझी पद्धत चांगली होती.

एका गोष्टीवर मात्र आपलं जमलं नाही, आणि तो वाद तू अर्धा टाकून गेलीस.

दादाची होडी परतायला उशीर झाला ती दुपार तुला आठवत असेल. वारा अचानक वाढला होता, दादाचा फोन लागत नव्हता. रेवा तुझ्याकडे होती. तिने विचारलं, "काकी, काका येतले मां?" आणि तू म्हणालीस, "म्हायत नाय गो. ये, पताका खंय फिरता ती बघत बसूया." रेवा बसली, पण तिला ताप भरला. दादा अंधार पडायच्या आत आला. तो देवबागला किनाऱ्याला लागला होता आणि कोणाच्या तरी घरी तिखलं-भात जेवत होता. मी फोनवर तुझ्यावर आवाज चढवला.

"एक शब्द, वयनी. 'येतले' इतकोच. बोललं असतंस तर काय बिघडला असता?"

"आणि नाय इले असते तर? मगे ह्या चेडवान कोणाचा आयकायचा? तुमचा?"

"ती लहान आसा."

"पेपरात तुमी 'समजते', 'शक्यता आहे' असा लिवतास. आणि घराकडे चेडवाक पक्की बातमी?"

"घर म्हणजे पेपर नाय, वयनी."

"व्हय तर. घरातला वाचणारा दुसऱ्या दिवशी पेपर फेकून देणा नाय."

मी ते मान्य केलं नाही. आजही पूर्ण करत नाही. घाबरलेल्या मुलीला जवळ घेऊन 'माहीत नाही' म्हणणं मला जमलं नसतं. तुला जमलं, आणि तूही रात्री तिच्या उशाशी बसून होतीस हे दादाने मला नंतर सांगितलं. तू मला ते सांगितलं नव्हतंस.

मग पुठ्ठा आला. केसाने हवेतला ओलावा मोजता येतो हे तू फोनवर कुठेतरी पाहिलंस. दमट हवेत केस लांबतो, कोरड्यात आखडतो. पुठ्ठ्यावर एका टोकाला केस चिकटवलास, दुसऱ्या टोकाला झाडूचा हीर काटा म्हणून टाचणीवर बसवलास, वर लिहिलंस 'सुको' आणि खाली 'वलो'. केस तुझाच, कंबरेपर्यंतचा. काटा हलेना. उन्हात नेला, विहिरीजवळ नेला, त्याच्यावर ओरडलीस. रेवाने स्वतःचा केस लावून पाहिला तर काटा लगेच सरकला. तेव्हा तुझ्या लक्षात आलं. तिचा केस कणकवलीच्या शाम्पूने धुतलेला, तुझा लग्नाआधीपासून खोबरेलात मुरलेला. "इतकी वरसां तेल घातलंय," तू म्हणालीस, "आणि आता केस माका ओळख दाखयना नाय."

मग तू रिठ्याने केस धुवायला लागलीस आणि बिनतेलाची फिरू लागलीस. सानिकाच्या आजीने कुंपणावरून विचारलं, "काय गो, माड आटले की काय तुमचे?" तू तिला काही सांगितलं नाहीस. केस पुरेसा कोरडा झाल्यावर एक लांब, पांढरा उपटलास आणि पडवीच्या खांबावरच्या पुठ्ठ्यात रेवाच्या केसाच्या जागी बसवलास. तो बोलू लागला. संध्याकाळी खाऱ्या हवेत काटा खाली, सकाळी ऊन चढलं की वर.

या पावसाळ्यात तुला हॉस्पिटलात ठेवलं तेव्हा रेवा रोज फोन करायची. तिने आमच्या बाल्कनीत एक पताका बांधली होती आणि तिची दिशा ती तुला सांगायची. एकदा मी तुझ्या खाटेजवळ बसून तिला फोनवर म्हणालो, "काकी गणपतीला घरी येणार." फोन ठेवल्यावर तू माझ्याकडे पाहिलंस.

"कित्या सांगितलास?"

"मगे काय सांगू?"

"आज पेज जेवली, इतक्याच सांगायचा. ता खरा आसा."

आणि वयनी, तू गणपतीला घरी आलीस. अशक्त, खुर्चीवर बसवून आणलेली, पण आलीस. रेवा पायरीवर नाचली. मी तुला म्हणालो, "बघ, माझी बातमी पक्की ठरली." तू खाज्याची बरणी मांडीवर घेऊन बसली होतीस. सगळ्या पोरांना दिलास, दादाला दिलास, मला नाही.

"माका?"

"तुमी चुकलास नाय मां," तू म्हणालीस. "चुकात तेका खाजा."

हे तुझं माझ्याशी शेवटचं भांडण. त्यात कोण जिंकलं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. गणपती गेले आणि नवरात्र संपता संपता तू गेलीस.

रेवाला मी फोनवर सांगितलं नाही, घरी जाऊन सांगितलं. ती रडली, जेवली, शाळेत गेली. पण बाल्कनीतली पताका तिने काढून ठेवली. मला भीती एकाच गोष्टीची होती. वाऱ्याची तिची भीती तुझ्या भरवशावर थांबलेली होती की तिच्या स्वतःच्या, हे मला माहीत नव्हतं. तुझ्या कार्याच्या दिवशी ते कळणार होतं, कारण त्या दुपारी वारा सुटला.

तो परतीच्या पावसाचा वारा होता, उगाच उठणारा. पत्रावळी उडाल्या. पडवीत माणसं बसली होती, बाजूला चुलीवर भाताचा मोठा टोप शिजत होता. माडांचे शेंडे वळू लागले. रेवा माजघरातून बाहेर आली आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. चेहरा पाच वर्षांपूर्वीचा.

"बाबा, वादळ होणार का?"

माझं वाक्य तयार होतं. ते मी इतक्या वेळा उच्चारलं आहे की त्याला विचार लागत नाही. तोंड उघडलं आणि लक्षात आलं की ती माझ्या तोंडाकडे बघते आहे, तेच वाक्य येणार म्हणून आधीच विश्वास काढून घेतल्यासारखी.

"माहीत नाही," मी म्हणालो. "पताका खळ्यात आहे अजून. तू बघून सांग, मला इथून दिसत नाही."

तिने मला निरखून पाहिलं. मग चौकट सोडली. माणसांच्या मधून वाट काढत ती खांबापाशी गेली, पुठ्ठ्यावरचा तुझा केस आणि काटा बघितला, खळ्यात उतरून पताकेखाली उभी राहिली, आभाळाकडे मान वर केली. तिचं पोलकं वाऱ्याने फुगलं होतं. परत येऊन तिने पायरीवरून जाहीर केलं की काटा पार खाली आहे, वारा खाडीवरून आहे आणि दिवस मावळायच्या आत जोराचा पाऊस येणार. दादाने काही न विचारता पाहुण्यांची पानं आत हलवायला सांगितली. दर्यावर इतकी वर्षं काढलेला माणूस, त्याने स्वतः आभाळाकडे पाहिलंसुद्धा नाही. रेवाचं बरोबर की चूक हे त्याला माहीत होतं की नाही, ते मी विचारलेलं नाही.

पाऊस आला नाही. ढग आपल्या डोक्यावरून समुद्राकडे निघून गेले आणि संध्याकाळी वारा पडला.

पोरं सवयीने पायरीपाशी जमली. खाज्याची बरणी कोनाड्यात होती आणि ती कोणी उघडायची हे ठरलेलं नव्हतं. रेवा पायरीवर चढली.

"माझो चुकलो."

"कित्या?" सानिकाने विचारलं. आवाज अगदी तुझा काढला होता तिने.

रेवा खांबाकडे गेली, पुठ्ठ्याकडे पाहिलं, चुलीकडे पाहिलं. मग तिच्या लक्षात आलं. "भाताचो टोप," ती म्हणाली. "वाफ सगळी पडवीत येय होती. काटो वाफेन खाली इलो. हवा तितकी वली नव्हतीच."

कार्याच्या भाताची वाफ तुझ्या केसाने बिनचूक मोजली होती, वयनी. चूक पागोळीखालच्या बाटलीसारखीच होती. जागेची.

सानिकाने बरणी उतरवली आणि पहिला खाजा रेवाला दिला. रेवाने तो मोडून अर्धा माझ्या हातावर ठेवला.

"मी काय चुकलो?" मी विचारलं.

"चुकला नाहीस. 'माहीत नाही' म्हणालास ना. त्याला अर्धा."

नियमात ही भर तुझ्या मागे पडली आहे. तुला चालेल असं मी धरून चालतो.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी रेवाने विचारलं, काकीचा केस काढायचा का. मी म्हणालो, काकांना विचार. दादा जाळं सांधत होता, त्याने मान वर न करता सांगितलं, "आसांदे." मग त्या दोघांनी मिळून पुठ्ठा चुलीपासून लांब, दुसऱ्या टोकाच्या खांबावर लावला.

आता दादा रोज सकाळी फोन करतो. मला नाही, रेवाला. तू होतीस तेव्हा त्या पुठ्ठ्याकडे तो कधी फिरकला नव्हता. आज म्हणाला, "काटो वर आसा गो. सुको."

"आणि पताका?" रेवाने विचारलं.

"थांब, बघून सांगतंय."

तो फोन चालू ठेवूनच खळ्यात उतरला. फोनमधून वाऱ्याचा आवाज येऊ लागला, मोठा, फडफडणारा. रेवाने फोन कानाला लावून ठेवला.